खारं म्हणून नोंदलेलं पाणी

मे महिना लागला की मला मळमळायला लागतं. उन्हामुळे नाही. माझं माहेर माणदेशातलं, उन्हाची सवय लहानपणापासूनची. आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत या दिवसांत घरोघर आंब्याच्या पेट्या उघडतात आणि जिन्यात तो गोडसर, जड वास कोंडून राहतो. पण त्याचाही काही दोष नाही. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत लोखंडी सळी ठोकली आणि तिच्या बुडाशी तांब्याभर मिठाचं पाणी ओतलं, की मातीतून एक कोंदट वाफ वर येते. ती वाफ मला आठवते. तिच्यामागोमाग दुसरा वास येतो. नासलेल्या अंड्याचा, त्यात ऑइलपेंटचा डबा उघडल्यासारखा उग्रपणा. मग मला उठून मोरीपाशी जावं लागतं. साठी उलटली, तरी हे थांबलेलं नाही.

गेल्या आठवड्यात कॉलेजातून फोन आला. माझ्या जागेवर आता एक तरुण मुलगी शिकवते. म्हणाली, "मॅडम, आमचा समर कॅम्प निघालाय. मुलांना वाचून दाखवायला काहीतरी लिहून द्या ना. तुमच्या वेळच्या गमतीजमती." मी "देते की" म्हटलं. गमती पुष्कळ होत्या. मुलांनी केलेली करपलेली खिचडी, केबल ओढताना एकमेकांत अडकून पडलेले दोघे, बैलाने पळवलेली टोपी. कागद घेऊन बसले आणि त्यातलं एकही लिहवेना. त्याऐवजी जे लिहिलं ते हे आहे, आणि हे काही मी तिला देऊ शकत नाही.

भूभौतिकी म्हणजे जमीन न खणता तिच्या पोटात काय आहे ते ओळखण्याचं शास्त्र. आमची पद्धत साधी होती. दोन सळ्यांतून जमिनीत वीज सोडायची आणि मधल्या दोन सळ्यांवर ती मोजायची. सळ्या जितक्या लांब लांब ठोकाल, तितकं खोलवरचं कळतं. कातळ विजेला अडवतो, तिथे आकडा मोठा येतो. पाण्यात मीठ-क्षार असले की वीज सुळकन निघून जाते, आकडा अगदी लहान येतो. वर्गात फळ्यावर हे दहा मिनिटांत सांगून होतं. पण हातात हातोडा घेतल्याशिवाय आणि तळव्यावर फोड आल्याशिवाय ते अंगात मुरत नाही, असं माझं मत होतं. अजूनही आहे. म्हणून दर उन्हाळ्यात दहा दिवस आम्ही मुलांना शिवारात नेत असू.

त्या वर्षीचं गाव नावड्याच्या बाजूचं होतं. नाव सांगत नाही. पश्चिमेला खाडी, पूर्वेला कारखान्यांचा नाला आणि दोहोंच्या मधे साठ-सत्तर घरं. नव्वदीतली मधली वर्षं होती ती. नवी मुंबईत जिकडे बघावं तिकडे खांब उभे राहत होते, भातखाचरांत मुरूम पडत होता आणि कालपर्यंत शेतकरी असलेली माणसं कारखान्याच्या गेटवर कंत्राटी कामासाठी रांग लावत होती. गावाची एकच मोठी विहीर. तिच्या पाण्याला वास येतो म्हणून गावकऱ्यांनी अर्ज केला होता. अर्ज फिरत फिरत आमच्या विभागप्रमुखांकडे मत मागायला आला. आम्ही त्यांना हेडसर म्हणायचो. ते खुशीत म्हणाले, "चला, मुलांचं ट्रेनिंगही होईल आणि गावाचं कामही. आणि मॅडम, या वेळी आपल्याकडे नवीन मीटर आहे."

नवीन मीटर खरोखरच देखणं होतं. हिरवट रंगाची पेटी, पितळी कड्या, झाकणाच्या आत एक छोटी पट्टी: सस्नेह भेट. नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याने ते कॉलेजला दिलं होतं. मी ती पट्टी वाचली होती. वाचून झाकण लावलं होतं.

मला तेव्हा चौथा महिना होता. नोकरी टेंपररी. दर जूनला हेडसरांनी सही केली की पुढचं वर्ष मिळायचं आणि त्या जूनला कायम होण्याचा योग होता. घरातले म्हणाले, या अवस्थेत उन्हात कशाला जातेस? मी म्हटलं, या अवस्थेत नाही गेले तर पुढच्या अवस्थेत नोकरी नसेल.

मुलं शाळेच्या दोन खोल्यांत राहिली. मी आणि तीन मुली गजादादांच्या घरी. गजादादा चाळिशी ओलांडलेले, रुंद हाडाचे, बोलताना समोरच्याकडे न बघता लांब कुठेतरी बघणारे. त्यांची खाचरं कारखान्यात गेली होती आणि आता ते त्याच कारखान्यात पोती उचलत होते. अर्जावर पहिली सही त्यांची होती. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला विहिरीवर नेलं. पोहऱ्याने पाणी काढून माझ्यासमोर धरलं.

"बगा मॅडम. वरती कसा रंग फिरतंय ते."

पाण्यावर तेलकट तवंग होता. ऊन पडलं की त्यात जांभळा, हिरवा रंग फिरत होता. पोहऱ्याच्या कडेला पिवळट फेस. मी वाकले आणि वास नाकात शिरला. कुंपणाच्या निवडुंगामागे जाऊन मी ओकले. मुलींनी पाठ धरली. गजादादा अपराध्यासारखे उभे. "आमाला सवय हाय," ते म्हणाले, जणू माझीच माफी मागत होते.

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच्या मेटाडोरमधून आमच्यासाठी पाण्याचे कॅन येऊ लागले. पांढरे, झाकणाचे, वाशीच्या नळाचं पाणी भरलेले. ओटीवर ते रांगेने ठेवले जायचे. गावातल्या बायका हंडा कमरेवर घेऊन त्यांच्याकडे बघत पुढे जायच्या. मला त्या कॅनांची तेव्हा लाज वाटत नव्हती. मी त्यांचं झाकण नीट लागलंय ना एवढंच बघत होते.

गजादादांची सून रंजना. विशीतली, सातवा महिना, पायांना सूज. ओटीच्या पायरीवर बसून ती आमच्या वायरींची भेंडोळी, हातोडे, बॅटऱ्या हे सगळं नवलाने बघायची. तिने मला विचारलं, "तुमचा कितवा?"

"चौथा."

"मना सातवा." मग थोडं थांबून, "तुमाला वास येतंय ना? मना पयल्यांदा लय यायचा. आता येतच नाय."

तिने चहा दिला. विहिरीच्या पाण्याचा. गूळ, आलं, गवती चहा, सगळं घातलं होतं तिने, पण तो वास त्या सगळ्याच्या वर तरंगत होता. तिच्यासमोर कप परत कसा करायचा? मी उठले, हात धुण्याच्या निमित्ताने मागच्या दारी गेले आणि चहा न्हाणीच्या पन्हळीत ओतला. वळले तर रंजना दारात उभी. तिने माझ्याकडे बघितलं, रिकाम्या कपाकडे बघितलं आणि कप हातातून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला चहा दिला तो स्वच्छ लागला. ओटीवरच्या एका कॅनचं झाकण ओलं होतं. तिने माझ्यापुरतं पाणी त्यातून घेतलं होतं. फक्त माझ्यापुरतं. स्वतःचा चहा ती विहिरीच्याच पाण्याचा पीत होती, माझ्याच शेजारी बसून. मी तो स्वच्छ चहा प्यायले. चांगला लागला.

पहाटे सहाला काम सुरू व्हायचं. अकरा मुलं. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला होता: फिल्डबुकात खोडायचं नाही. रबर आणायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारा, शेजारी नवा लिहा, जुना वाचता आला पाहिजे. "तुम्हाला आवडला नाही म्हणून आकडा चुकीचा होत नाही," हे माझं वाक्य. ते म्हणताना मला स्वतःचा आवाज आवडायचा.

त्या अकरांत निशा होती. सानपाड्याचीच, आमच्या मागच्या गल्लीतली. वडील एका ऑफिसात हेडक्लार्क. बारीक अंगाची, चष्मा सतत नाकावरून घसरणारा, अक्षर मोत्यासारखं. मीटरपाशी बसून आकडे लिहून घेण्याचं काम तिच्याकडे. बाकीची मुलं सळ्या ठोकायची, केबल ओढायची, एकमेकांना हाका मारायची: "ए, टाइट कर ना रे! लूज कॉन्टॅक्ट आहे!" "अरे पाणी टाक ना बुडाशी, जमीन सुकलीय पार!" निशा या गलक्यात शांत बसायची आणि प्रत्येक आकडा दोनदा विचारायची.

खाडीपासून नाल्यापर्यंत एका रेषेत आम्ही बारा जागा घेतल्या. पहिल्या चार खाडीकाठच्या. तिथे आकडे लहान आले, ते अपेक्षितच. जमिनीत खाडीचं खारं पाणी. पाचवी, सहावी, सातवी जागा गावाच्या अलीकडच्या माळावरची. तिथे आकडे एकदम चढले. खाली कोरडा कातळ, खाऱ्या पाण्याचं नाव नाही. मुलं खुश झाली, पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं. आठवी जागा विहिरीजवळ. आकडा पुन्हा खाली कोसळला. नववी ते बारावी नाल्याकडच्या शेतातल्या. तिथे काम करताना मुलांनी तोंडाला रुमाल बांधले. नाल्यातलं पाणी तपकिरी, जाडसर, संथ. काठावरच्या चिखलात निवट्या मासोळ्या मरून पडलेल्या, पोटं फुगलेल्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्यावर माशीसुद्धा नाही. आमच्या हातोड्याला, चपलांना, केबलला तो काळा राडा चिकटला. वाळल्यावर त्याची पांढरी खपली धरायची आणि खरवडली तरी निघायची नाही. बाराव्या जागेचा आकडा खाडीकाठच्या आकड्यापेक्षाही लहान होता.

निशाने तो तीनदा विचारला. बॅटरी तपासली, सळ्या पुन्हा ठोकायला लावल्या. आकडा तोच.

"मॅडम," ती म्हणाली, "खाडी तिकडे आहे. मग आकडे इकडे कमी का होतायत?"

"तुला काय वाटतं?"

"विहिरीत खाडीचं पाणी येत असतं, तर मधे माळावर पण लागलं असतं ना? ते तर सुकं आहे. हे इकडून येतंय. नाल्यातून."

इतका स्वच्छ तर्क एखाद्या विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकायला मिळावा म्हणून मास्तर आयुष्यभर शिकवतो. मी तिच्या पाठीवर थाप मारली. ती म्हणाली, "मग आपण पाण्याचं सॅम्पल घेऊया? मीटरला फक्त क्षार आहेत एवढं कळतं, कुठले ते नाही कळत. बाटलीत भरून केमिस्ट्रीवाल्यांना देऊ." मी हो म्हटलं. दोन बाटल्या धुऊन तिने उन्हात वाळत घातल्या.

त्याच दुपारी हेडसर गाडीने आले. पांढरी सफारी, डोक्यावर हॅट, नाकाला सेंट लावलेला रुमाल. गजादादांच्या ओटीवर बसून त्यांनी वही मागितली. पानं उलटताना त्यांचा चेहरा बदलला नाही. मुलांना त्यांनी छान छान म्हटलं, सगळ्यांना आइस्क्रीमचे कप वाटले आणि मग मला गाडीपाशी बोलावलं.

"मॅडम, ही खाडीच्या खाऱ्या पाण्याची केस आहे. सिंपल."

"सर, मधले तीन पॉइंट..."

"लोकल कातळ आहे तो. आउटलायर, सोडून द्यायचे. आणि नाल्याकडचे चार आपल्या सर्व्हेच्या हद्दीबाहेरचे. ते घ्यायलाच नको होते."

"सर, पण वास? तवंग? प्यायच्या पाण्यात..."

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. अगदी मायेने बघितलं. म्हणाले, "अहो, या दिवसांत बायकांना वास जरा जास्तच येतात. माझ्या मिसेसला तर फोडणीसुद्धा सहन होत नव्हती."

हे आठवलं की अजून अंगावर शहारा येतो, आणि तो त्यांच्या बोलण्याचा नाही. शहारा याचा, की मला त्या क्षणी सुटका वाटली. खरंच असेल, मी मनाशी म्हटलं. माझं नाकच बिघडलंय. गावातली माणसं पितातच की.

सॅम्पलचं मी विचारलं तेव्हा ते हसले. "आपला विषय फिजिक्स. केमिस्ट्री कशाला करता? आणि ज्यांच्या मीटरवर मोजता, उद्या ज्यांच्याकडे तुमची मुलं ट्रेनिंगला जाणार, त्यांच्याशी भांडण कशासाठी? जूनमध्ये तुमची फाइल वर जायचीय, टेन्शन घेऊ नका." गाडीत बसता बसता त्यांनी रुमाल काढला, खोल श्वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि काच वर केली. त्यांनाही वास येत होता.

निशाच्या बाटल्या दोन दिवस उन्हात तशाच होत्या. निघताना तिने त्या पिशवीत भरल्या. रिकाम्याच.

कॉलेजात परतल्यावर अहवाल मी लिहिला. बारांतल्या पाच जागा ठेवल्या: खाडीकाठच्या चार आणि विहिरीजवळची एक. एवढ्यांतूनच रेघ ओढली की ती खाडीतून निघते आणि थेट विहिरीत उतरते. दिसायला फार सुंदर रेघ होती. निष्कर्षात लिहिलं: खाडीच्या खाऱ्या पाण्याचा नैसर्गिक शिरकाव. खाली हेडसरांची सही, त्याखाली माझी. पेनातली शाई जरा पसरली होती, म्हणून टिपकागद लावला. इतक्या काळजीने मी आयुष्यात दुसरी सही केलेली नाही.

राहिलं निशाचं फिल्डबुक. त्यात बारा जागा होत्या, आणि बाराव्या पानाच्या समासात तिने छोटा बाण काढून लिहिलं होतं: नाल्याकडून? मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. पंखा फिरत होता. दुसरं कोणी नव्हतं.

"निशा, वही परत लिहावी लागेल. पाच पॉइंटची."

चष्मा घसरला तो तिने वर सरकवला नाही. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं? कुठून येतं ते पाणी?"

"मला काय वाटतं ते रिपोर्टमध्ये येत नसतं."

"तुम्हीच म्हणालात ना, खोडायचं नाही."

"खोडू नकोस," मी म्हटलं. "नवी वही घे."

हे माझं उत्तर. एका शिक्षिकेचं, तिच्या सगळ्यांत हुशार विद्यार्थिनीला. तिने आरडाओरडा केला असता, वही माझ्या तोंडावर फेकली असती, तर आज मला थोडं बरं वाटलं असतं. तिने मान हलवली आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसून लिहायला घेतलं. तासाभराने तिने विचारलं, "मॅडम, तारखा त्याच ठेवू ना?" मी हो म्हटलं. आणखी थोड्या वेळाने ती उठून बाहेर गेली. व्हरांड्यात क्रोटनच्या कुंड्या होत्या. त्यांतल्या एका कुंडीतली चिमूटभर माती घेऊन ती नव्या वहीच्या पुठ्ठ्यावर चोळत होती. पानांच्या कडांना, कोपऱ्यांना, नीट, सावकाश. मी दारात आहे हे तिने पाहिलं.

"कोरी वाटू नये म्हणून," ती म्हणाली.

मी तिला प्रात्यक्षिकात वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले. लाच होती ती, आणि आम्हा दोघींनाही ते ठाऊक होतं. जूनमध्ये मी कायम झाले.

त्यानंतर एकदाच त्या गावात गेले. अहवाल गावात पोचला होता. गजादादांनी तो घडी घालून ओटीवरच्या देवाच्या फोटोमागे ठेवला होता. मला बघून त्यांना आनंद झाला. "बसा मॅडम. कागुद आला ना. सायेब बोलला, खाडीचा खारा पानी हाय, इखार नाय."

"गजादादा, ते पाणी पिऊ नका."

"का?"

मी देवाच्या फोटोमागच्या घडीकडे बघितलं.

"खारा हाय, असाच लिवलाय ना तुमी?"

"हो."

"मंग?" ते हसले, पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून. "खारा आमाला काय नवा? आमचा बापूस मिठागरावर होता. खाऱ्याला आमी कशाला भ्यावा? पोरं पन आता वासाचा नाव घेत नायत. आमाला उगाच भीती वाटत व्हती."

म्हणजे अर्ज करण्याइतकी जी शंका त्या माणसांच्या मनात होती, तीही मी काढून टाकली होती. विष पिणाऱ्याला निदान आपण काय पितो याचा संशय तरी असतो. मी त्यांना धीर देऊन बसले होते.

आतून रंजना आली. पोट पुढे, चेहरा पिवळट, तरी हसून. माझ्या तोंडून निघालं, "हिला तरी पाणी उकळून द्या." उकळून त्या पाण्यातलं काहीही जाणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. उकळलं तर उलट आणखी दाट होणार. पण ते बोलायचं तर मग सगळंच बोलावं लागलं असतं: पाचवी जागा, बारावी जागा, वही, मीटर, सही. गजादादा म्हणाले, "देव की. तुमी सांगताव तर उकलून देव." आणि सुनेला म्हणाले, "आयकलास ना? मॅडम शिकलेल्या हायत."

मी चहाला थांबले नाही. रस्त्यापर्यंत धड चालत गेले, आणि तिथे एका अर्धवट बांधलेल्या भिंतीला धरून ओकले. पोटात काही नव्हतं. नुसतं आंबट पाणी येत राहिलं.

रंजनाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. चौकशी करणं अवघड नव्हतं. वाशीहून तासाभराचा रस्ता. मी केली नाही. माझा मुलगा ऑक्टोबरात झाला, तीन किलोचा, धडधाकट. त्याला मांडीवर घेऊन पहिल्यांदा पाणी पाजताना चमचा माझ्या हातातून पडला. सासूबाईंना वाटलं, बाळंतिणीचा अशक्तपणा.

काही वर्षांनी त्या बाजूला कॉलनी आली, नळाची लाइन आली. विहीर बुजवली, असं ऐकलं. त्यात माझं काहीच कर्तृत्व नाही. हेडसर मानाने निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांच्याबद्दल चार शब्द बोलण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते चांगलं पार पाडलं. त्यानंतर वीसेक वर्षं मी मुलांना शिवारात नेत राहिले. चिपळूणकडे, माणदेशात, पुरंदरच्या पायथ्याला. खाडी आणि नाला यांच्या मधे पुन्हा कधी नेलं नाही. खोडायचं नाही, हा नियम सांगत राहिले. सांगताना मी मुलांकडे न बघता फळ्याकडे बघायचे.

निशाची आणि माझी गाठ पडायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. आमची सोसायटी जुनी झाली, भिंतींना ओल, गच्चीला तडे. पुनर्बांधणी ठरली. बिल्डरने मीटिंग बोलावली, त्यात जमिनीची तपासणी करणारी कन्सल्टंट अहवाल मांडणार होती. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, पडदा लावला. पुढे येऊन उभी राहिली ती निशा. अंगाने भरलेली, केस कापलेले, चष्मा गेलेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हातातला रिमोट खाली ठेवून सरळ माझ्या खुर्चीपर्यंत आली. सगळ्या सोसायटीसमोर वाकून नमस्कार केला.

"या माझ्या मॅडम," ती माइकवर म्हणाली. "मी आज जी काही आहे, ती यांच्यामुळे. फिल्डवर काम कसं करायचं, ते मला यांनी शिकवलं."

मग तिने पडद्यावर नकाशा दाखवला. आमच्या इमारतीखाली भरावाची माती, त्याखाली खाडीचा गाळ, त्याखाली कातळ. एक सुंदर, सलग रेघ होती. कातळ सगळीकडे हाताशी, काळजीचं कारण नाही. लोक समाधानाने माना हलवत होते. मीटिंग संपल्यावर चहाच्या टेबलापाशी मी तिला बाजूला घेतलं.

"निशा, पॉइंट किती घेतलेस?"

"भरपूर घेतले, मॅडम."

"आणि नकाशात?"

"जे लागतात ते दिलेत ना." ती हसली. त्या हसण्यात मला टोमणा शोधायचा होता. सूड, राग, काहीतरी. मी बारकाईने शोधला. नव्हता. तिचे डोळे खरंच कृतज्ञतेने भरले होते. "मॅडम, बाकी सगळं पुस्तकातलं होतं हो. रिपोर्ट कोणासाठी लिहितोय ते आधी बघायचं, हे तुम्ही शिकवलंत. माझ्या बरोबरचे कितीतरी जण तिथेच अडकले. मी नाही अडकले."

सेक्रेटरी एक पुष्पगुच्छ घेऊन आले. आधी निशासाठी आणलेला होता, पण तिने तो माझ्या हातात दिला, ते पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "असे शिक्षक मिळायला भाग्य लागतं बाई."

घरी गेल्यावर मी मोरीपाशी किती वेळ उभी होते, ते सांगण्यात अर्थ नाही. पण त्याच्याआधी, खाली, टाळ्या वाजत असताना, मी हसून सगळ्यांना नमस्कार करत होते. आणि क्षणभर, एखाद्या शिक्षिकेला वाटावं तसं, मला खरंच बरं वाटलं होतं.